रॉकी, अल्मा आणि ऑरॅकल लिनक्सवर डेल-एचपीईची सर्व्हर टूल्स चालवताना: आधी नकार ओळखा, मग उपाय करा

डेलच्या पॉवरएजवर किंवा एचपीईच्या प्रोलायंटवर रॉकी लिनक्स बसवलं, डिस्क दिसल्या, नेटवर्क चालू झालं. मग फर्मवेअर अपडेटर किंवा रेड कंट्रोलर (आरएआयडी, म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधणारं कार्ड) बघायचं टूल चालवलं, तर ते एका ओळीत म्हणतं की ही ऑपरेटिंग सिस्टिम सपोर्टेड नाही. ही तक्रार गेल्या काही वर्षांत वाढली, त्याला कारण आहे. ८ डिसेंबर २०२० रोजी रेड हॅट लिनक्सचं मोफत रूप असलेलं सेंटओएस ८ आवरतं घेण्याची घोषणा झाली, ३१ डिसेंबर २०२१ ला ती आवृत्ती संपली, आणि ३० जून २०२४ ला सेंटओएस ७ चीही मुदत संपली. लोक रॉकी, अल्मा, ऑरॅकल लिनक्स या रेड हॅटशी सुसंगत लिनक्सकडे (क्लोनकडे) गेले. हार्डवेअर कंपन्यांची टूल्स मात्र आजही मुख्यतः रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स, सुसे आणि उबंटू डोळ्यांसमोर ठेवूनच बांधली आणि तपासली जातात.

टूल नाही म्हणतं तेव्हा ते नेमकं कशाला नाही म्हणतंय, हे आधी शोधायचं. कधी त्याला डिस्ट्रोचं, म्हणजे तुमच्या लिनक्सचं, नाव ओळखीचं नसतं. कधी पॅकेजची सही चालत नाही, कधी एखादी लायब्ररी नसते, तर कधी कर्नल आणि ड्रायव्हरचंच जुळत नाही. या चारही अडचणी वरवर सारख्या दिसतात, पण एकीचं औषध दुसरीला दिलं तर चालू सर्व्हर आडवा होतो. "फोर्स" किंवा "नोडेप्स" असा पर्याय लावून पॅकेज कोंबायचं तर मुळीच नाही.

(कमांड आणि फाइलींची नावं खाली उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीप्रमाणे रोमन लिपीतच टाका.)

ओएसमधून करायलाच हवं का?

फर्मवेअर अपडेट, बायोस सेटिंग, हार्डवेअरचे लॉग आणि वीजपुरवठा या कामांना ओएस लागतच नाही. डेलचा आयड्रॅक, एचपीईचा आयएलओ आणि लेनोव्होचा एक्सक्लॅरिटी कंट्रोलर हे सर्व्हरमधले ओएसपासून वेगळे व्यवस्थापन कंट्रोलर (बीएमसी) ही कामं स्वतः करतात. तिथे रॉकी आहे की रेड हॅट, हा प्रश्नच उठत नाही. आयड्रॅक ९ ला बाहेरचं नेटवर्क मिळत असेल तर तो डेलच्या डाउनलोड सर्व्हरवरून एचटीटीपीएसने थेट कॅटलॉग उचलतो आणि कुठले भाग जुने आहेत ते दाखवतो. एचपीईकडे सर्व्हिस पॅक फॉर प्रोलायंटची आयएसओ आयएलओच्या व्हर्च्युअल मीडियावरून लावून सर्व्हर त्यातूनच बूट करता येतो. तो पॅक उतरवायला वॉरंटी किंवा सपोर्ट करार लागतो, तेव्हा खात्याची सोय आधी करून ठेवा.

इथे एक चूक वारंवार होते. डेलच्या साइटवर एकाच फर्मवेअरची दोन रूपं असतात: लिनक्ससाठी "डॉट बिन" आणि विंडोजसाठी "डॉट ईएक्सई". सर्व्हरवर लिनक्स आहे म्हणून माणूस बिन उतरवतो, आयड्रॅकच्या वेब पानावर चढवतो आणि फाइल अवैध असल्याचा संदेश येतो. आयड्रॅकला विंडोजची ६४ बिट ईएक्सई फाइलच लागते, मग सर्व्हरवर कुठलीही ओएस असो. बिन फाइल फक्त चालू लिनक्सच्या आतून चालवण्यासाठी असते.

फर्मवेअरचं काम असेल तर ते बीएमसीतूनच करावं, असं आमचं ठाम मत आहे. ओएसच्या आत फक्त तीच टूल्स ठेवा जी तिथे खरोखर लागतात: रेड कंट्रोलरचं कमांड लाइन टूल (पर्कसीएलआय, स्टॉरसीएलआय, एसएसएसीएलआय) आणि बीएमसीला ओएसची माहिती पुरवणारा एजंट (डेलचं आयड्रॅक सर्व्हिस मॉड्यूल, एचपीईचं एएमएसडी).

सुरुवातीला ही माहिती काढून ठेवा

"कॅट /ईटीसी/ओएस-रिलीज" चालवून आयडी आणि आयडी-लाइक या दोन ओळी बघा. रॉकीवर आयडी "रॉकी" असतं आणि आयडी-लाइकमध्ये "आरएचईएल सेंटओएस फेडोरा" असतं. नीट लिहिलेलं टूल दुसरी ओळ वाचतं, घाईत लिहिलेलं पहिलीवरच अडतं. मग "यूनेम -आर" ने कर्नल बघा: ४.१८ म्हणजे ८ ची शाखा, ५.१४ म्हणजे ९ ची, ६.१२ म्हणजे १० ची. आकड्यांच्या मागे "यूईके" दिसलं तर तो ऑरॅकलचा स्वतःचा कर्नल आहे, त्याबद्दल पुढे येतंच. "एलएसपीसीआय -एनएनके" ने कंट्रोलरचा पीसीआय क्रमांक आणि "कर्नल ड्रायव्हर इन यूज" ही ओळ लिहून घ्या. "मोकयुटिल --एसबी-स्टेट" ने सिक्युअर बूट चालू आहे का ते कळतं. शेवटी "फाइंडएमएनटी /टीएमपी" चालवून "नोएक्झेक" (तिथून प्रोग्राम चालवायला बंदी) लागलंय का बघा.

या शेवटच्या गोष्टीत अनेकांचे तास वाया जातात. सुरक्षेच्या नियमावलीप्रमाणे बंदिस्त केलेल्या सर्व्हरवर टीएमपी फोल्डर नोएक्झेक असतं. कंपन्यांचे इन्स्टॉलर स्वतःला तिथेच उलगडतात आणि "परमिशन डिनाइड" म्हणून पडतात, रूट असूनही. लोक एसई-लिनक्स (कर्नलमधलं सुरक्षा-नियंत्रण) बंद करून बघतात, तरी काही होत नाही, कारण तो प्रश्नच नव्हता. "एक्सपोर्ट टीएमपीडीआयआर=/रूट/टीएमपी" करून बघा. टूल ते मानत नसेल तर "माउंट -ओ रीमाउंट,एक्झेक /टीएमपी", आणि काम झाल्यावर परत नोएक्झेक. एसई-लिनक्सवर खरोखर संशय असेल तर "ऑसर्च -एम एव्हीसी -टीएस रीसेंट" बघा. तिथे काही नसेल तर त्याला हात लावू नका.

नावावर अडलं असेल तर

टूल कुठली फाइल वाचतं ते आधी पकडा: "एसट्रेस -एफ -ई ट्रेस=ओपनअ‍ॅट,एक्झेकव्हीई" लावून टूल चालवा आणि निकालात "रिलीज" शब्द शोधा. बहुतेक वेळा /ईटीसी/रेडहॅट-रिलीज किंवा ओएस-रिलीज सापडेल. कधी टूल "एलएसबी-रिलीज" ही कमांड शोधत असतं. रेड हॅट ९ मधून ते पॅकेजच काढून टाकलं आहे, त्यामुळे उत्तर रिकामं येतं आणि टूल "अज्ञात ओएस" म्हणून थांबतं.

नेटवर सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे रेडहॅट-रिलीज उघडा आणि त्यात रेड हॅटचं नाव लिहा. तसं करू नका. ही फाइल रॉकी-रिलीज किंवा अल्मालिनक्स-रिलीज या पॅकेजची आहे. पुढच्या अपडेटला ती कधी बदलली जाईल आणि कधी तुमचीच राहील याचा भरवसा नाही, आणि मॉनिटरिंग, अ‍ॅन्सिबल, अपग्रेडची साधनं या सगळ्यांना त्या दिवसापासून खोटं उत्तर मिळतं. सहा महिन्यांनी दुसरा कुणी त्या सर्व्हरवर बसला की त्याला हे रेड हॅट आहे असंच वाटणार.

त्याऐवजी बदल फक्त त्या एका टूलपुरता करा. /यूएसआर/लोकल/शेअर मध्ये "आरएचईएल-नाव" अशी फाइल बनवा आणि तिच्यात एकच ओळ लिहा: "रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स रिलीज ९.४ (प्लो)", अर्थात इंग्रजीत, आणि तुमच्या खऱ्या पॉइंट आवृत्तीशी जुळणारी. प्लो हे ९ चं टोपणनाव, ८ चं ऊत्पा. मग रूट म्हणून "अनशेअर --माउंट बॅश" चालवा. हे नवं शेल वेगळ्या माउंट नेमस्पेसमध्ये असतं. त्यात "माउंट --बाइंड /यूएसआर/लोकल/शेअर/आरएचईएल-नाव /ईटीसी/रेडहॅट-रिलीज" करा आणि इन्स्टॉलर तिथूनच चालवा. "एक्झिट" केलं की सगळं जसंच्या तसं. बाकीच्या सिस्टिमला हा बदल दिसलेलाही नसतो. ओएस-रिलीजही बदलायची असेल तर लक्षात ठेवा की /ईटीसी मधली ती फाइल सिमलिंक आहे, खरी फाइल /यूएसआर/लिब मध्ये आहे.

यात एक खाच आहे. इन्स्टॉलरने शेवटी "सिस्टिमसीटीएल स्टार्ट" केलं तर ती सर्व्हिस तुमच्या शेलमधून सुरू होत नाही, पीआयडी १ (म्हणजे सिस्टिमडी) कडून सुरू होते, आणि पीआयडी १ ला खरीच फाइल दिसते. म्हणून इन्स्टॉल यशस्वी होतं आणि डीमन (मागे चालत राहणारी सर्व्हिस) लगेच पडतो. डीमन दर वेळी नाव तपासणारा असेल तर "सिस्टिमसीटीएल एडिट" ने त्या सर्व्हिसच्या सर्व्हिस विभागात "बाइंडरीडओन्लीपाथ्स=" ही ओळ घाला, डावीकडे तुमची फाइल, मग कोलन, मग मूळ फाइल. सिस्टिमडी तेवढ्या सर्व्हिसपुरती ती फाइल वर अंथरतो.

हे सगळं फक्त नावाच्या अडचणीसाठी आहे. टूल नाव तपासत होतं कारण ते विशिष्ट कर्नल मॉड्यूल बसवणार होतं, अशी शंका आली तर थांबा. "आरपीएम -क्यूपी --स्क्रिप्ट्स" ने पॅकेजच्या स्क्रिप्ट वाचा, मग ठरवा.

सही आणि रेपो

रेड हॅट ९ आणि तिच्या सगळ्या भावंडांत शा-१ या जुन्या हॅश पद्धतीवर आधारलेल्या सह्या डीफॉल्ट धोरणाने नाकारल्या जातात. कंपनीची जुनी जीपीजी की शा-१ ने सही केलेली असेल तर "आरपीएम --इम्पोर्ट" तिथेच फसतं. आधी कंपनीने नवी की दिली आहे का बघा, कारण पुष्कळदा दिलेली असते आणि आपल्या किकस्टार्टमध्ये (आपोआप इन्स्टॉल करणाऱ्या फाइलमध्ये) जुनीच पडून असते. नसेल तर फाइलचा शा-२५६ कंपनीच्या पानावरच्या आकड्याशी ताडून पाहा आणि तेवढं एक पॅकेज "--नोजीपीजीचेक" ने बसवा. "अपडेट-क्रिप्टो-पॉलिसीज --सेट डीफॉल्ट:शा१" हा मार्गही आहे, पण त्याने अख्ख्या सर्व्हरवर शा-१ च्या सह्या पुन्हा चालू होतात. केलंच तर त्याच दिवशी "--सेट डीफॉल्ट" करून परत फिरवा.

रेपोच्या पत्त्यात "$रिलीजव्हर" असेल तर रॉकीवर त्याचा अर्थ ९ होतो. रेड हॅटवर ते ९.४ ला बांधून ठेवलं असेल तर तिथे ९.४ भरलं जातं, कंपनीच्या सर्व्हरवर तसं फोल्डर नसतं आणि ४०४ येतो. रेपो फाइलमध्ये आकडा हातानेच लिहून टाका. डेलच्या सिस्टिम अपडेटची स्क्रिप्ट दोन रेपो बनवते, "इंडिपेंडंट" आणि "डिपेंडंट". पहिलीत अपडेटर स्वतः असतो आणि ती सहसा त्रास देत नाही. ओएसवर अवलंबून असलेली पॅकेजेस दुसरीत असतात, आणि क्लोनवर अडतं ते तिथेच.

लायब्ररी नसेल तर

"एलडीडी" लावून "नॉट फाउंड" शोधा, मग "डीएनएफ प्रोव्हाइड्स" ने ती फाइल कुठल्या पॅकेजात आहे ते काढा. ९ वर सगळ्यात जास्त सापडणारी "लिबक्रिप्ट.एसओ.१", तिचं पॅकेज "लिबएक्सक्रिप्ट-कॉम्पॅट". जुनं ओपनएसएसएल १.१ मागितलं तर "कॉम्पॅट-ओपनएसएसएल११". ८ वर "लिबटीइन्फो.एसओ.५" साठी "एनकर्सेस-कॉम्पॅट-लिब्स".

एक त्रुटी फार फसवते. फाइल समोर दिसते, चालवायची परवानगी आहे, तरी चालवलं की "नो सच फाइल ऑर डिरेक्टरी". हरवलेली असते ती टूलची फाइल नसून तिचा ३२ बिट लोडर. "फाइल" कमांड लावून बघा, "ईएलएफ ३२-बिट" दिसलं तर "डीएनएफ इन्स्टॉल जीलिबसी.आय६८६ लिबएसटीडीसी++.आय६८६" करा. हे ८ आणि ९ वर चालतं. रेड हॅट १० मधून ३२ बिट पॅकेजेस काढून टाकली आहेत, त्यामुळे तिथे असं जुनं टूल ओएसवर थेट चालणार नाही.

"जीलिबसी २.३४ नॉट फाउंड" असं आलं तर तुम्ही ९ साठीचं पॅकेज ८ वर टाकलं आहे. ८ वर जीलिबसी (जवळपास सगळ्या प्रोग्रामना लागणारी मूळ सी लायब्ररी) २.२८ असते. दुसऱ्या सर्व्हरवरून जीलिबसी कॉपी करून आणू नका. त्याने "एलएस" सुद्धा चालेनासं होतं आणि मग रेस्क्यू मोडशिवाय गत्यंतर नसतं.

लायब्ररी आणि नाव दोन्ही एकदम सोडवायचं तर कंटेनर चालवणारा पॉडमन बरा: रेड हॅटची मोफत यूबीआय ९ इमेज "--प्रिव्हिलेज्ड --नेटवर्क होस्ट" देऊन चालवा आणि टूल तिच्या आत बसवा. आतून ओएस रेड हॅट दिसते, डिव्हाइस होस्टचीच असतात. कंट्रोलरची स्थिती वाचायला हे उत्तम. फर्मवेअर मात्र कंटेनरमधून लिहू नका.

कर्नल आणि ड्रायव्हर

इथे नाव बदलून काहीही साधत नाही. रेड हॅट दर मोठ्या आवृत्तीत जुन्या कार्डांचे पीसीआय क्रमांक ड्रायव्हरमधून काढते. ड्रायव्हरचं नाव तेच राहतं, फक्त तुमचं कार्ड त्याच्या यादीत नसतं. ८ पासून असे गळालेले ओळखीचे पाहुणे: डेलचं पर्क एच२०० (एलएसआय एसएएस२००८, क्रमांक १०००:००७२, ड्रायव्हर एमपीटी३एसएएस), पर्क एच७०० (१०००:००७९, मेगारेड-एसएएस) आणि एचपीचं पी४१० (एचपीएसए). इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, आणि माणूस केबल बदलत बसतो.

अल्मा लिनक्सने ९.४ पासून यातले बरेच क्रमांक परत आणले आहेत. जुन्या पॉवरएज आणि प्रोलायंटसाठी अल्मा निवडायला हे एक कारण पुरेसं आहे. रॉकी किंवा रेड हॅटच हवं असेल तर ईएल-रेपो या ड्रायव्हर पुरवणाऱ्या बाहेरच्या रेपोची ड्रायव्हर डिस्क आयएसओ घ्या, यूएसबीवर लिहा आणि बूटच्या ओळीत "इन्स्ट.डीडी" जोडा. यूएसबीचं लेबल "ओईएमडीआरव्ही" असेल तर इन्स्टॉलर ती आपणहून उचलतो. आयएसओ तुमच्या नेमक्या पॉइंट आवृत्तीची हवी, ९.३ ची ९.४ ला चालेल असं धरून चालू नका. इन्स्टॉल झाल्यावर, आणि पुढे प्रत्येक कर्नल अपडेटनंतर रीबूटच्या आधी, "एलएसइनिटआरडी" च्या निकालात ड्रायव्हर आहे ना ते तपासा. नसेल तर सर्व्हर परत उठणार नाही.

कंपनीचं केमॉड (तयार कर्नल मॉड्यूलचं) पॅकेज रेड हॅटच्या कर्नलच्या ठरावीक चिन्हांवर टेकून असतं. कर्नलचा छोटा अपडेट आला की "वीक-मॉड्यूल्स" ही स्क्रिप्ट जुन्या मॉड्यूलची लिंक नव्या कर्नलला लावते. रॉकी आणि अल्मावर हे सहसा जमतं, सेंटओएस स्ट्रीमवर त्याची हमी नाही, कारण तिथला कर्नल पुढच्या पॉइंट आवृत्तीचा असतो. ऑरॅकलच्या यूईकेवर तर रेड हॅटचं केमॉड लागतच नाही. तिथे "ग्रबी --सेट-डीफॉल्ट" ने रेड हॅट सुसंगत कर्नल निवडा, मग पॅकेज बसवा.

सिक्युअर बूट चालू असेल आणि मॉड्यूल "की रिजेक्टेड" म्हणून नाकारलं गेलं, तर ज्याने ते बांधलं त्याची सार्वजनिक की "मोकयुटिल --इम्पोर्ट" ने द्या. त्यानंतरच्या बूटला निळ्या पडद्यावर पासवर्ड विचारला जातो, तो कन्सोलवरच द्यावा लागतो. आयड्रॅकचं व्हर्च्युअल कन्सोल आधीच उघडून ठेवा, कारण तो पडदा काही सेकंदच थांबतो. सिक्युअर बूटमुळे कर्नल लॉकडाउनही चालू होतं. "/डेव्ह/मेम" मधून बायोसशी बोलणारी जुनी सेटिंग टूल्स त्याने बंद पडतात. तेवढ्यासाठी सिक्युअर बूट काढू नका, तीच सेटिंग रेडफिशने (बीएमसीशी बोलायच्या प्रमाणित एपीआयने) बीएमसीतून बदलता येते.

टूल चालतं, पण काहीच दाखवत नाही

एसएसएसीएलआय "नो कंट्रोलर्स डिटेक्टेड" म्हणालं तर "मॉडप्रोब एसजी" करून पाहा, बहुतेक वेळा तेवढंच राहिलेलं असतं. कायमचं करायला /ईटीसी/मॉड्यूल्स-लोड.डी मध्ये "एसजी" अशी एका शब्दाची फाइल ठेवा. आयपीएमआयटूलला डिव्हाइस मिळत नसेल तर "आयपीएमआय_एसआय" आणि "आयपीएमआय_डेव्हइंटफ" ही दोन मॉड्यूल्स लागतात.

१० वर जाण्याआधी

रेड हॅट १० ला एक्स८६-६४-व्ही३ पातळीचा प्रोसेसर लागतो. "एलएससीपीयू" च्या निकालात "एव्हीएक्स२" शोधा. ते नसेल तर टूलपर्यंत जायची वेळच येणार नाही. झिऑन ई५ व्ही३ पासून पुढे ते असतं, म्हणजे पॉवरएज आर७३० पार होतो, व्ही२ पर्यंतच घेणारा आर७२० होत नाही. अल्मा १० ची व्ही२ साठी वेगळी बांधणी मिळते, पण बाहेरच्या कंपन्यांची १० साठीची पॅकेजेस व्ही३ धरून बांधलेली असू शकतात.

पॉइंट आवृत्ती बदलताना घाई नको. कंपन्या ९.४, ९.६ अशा नेमक्या आवृत्तीवर टूल्स तपासतात, आणि रॉकी-अल्मावर नवी आली की जुनीचे अपडेट थांबतात. कर्नल "डीएनएफ व्हर्जनलॉक" ने थोडे दिवस रोखून धरा, एका सर्व्हरवर रेड टूल, एजंट आणि रीबूट असं तिन्ही तपासा, मग बाकीच्यांना सोडा.

हार्डवेअर बिघडून सपोर्टला फोन करावा लागलाच, तर डेलसाठी आयड्रॅकमधून सपोर्टअसिस्ट कलेक्शन आणि एचपीईसाठी आयएलओमधून अ‍ॅक्टिव्ह हेल्थ सिस्टिमचा लॉग काढून तयार ठेवा. दोन्ही ओएस बंद असतानाही निघतात. डिस्क किंवा मेमरी गेल्याचं त्यांत स्पष्ट दिसत असेल तर वर कुठलं लिनक्स आहे या प्रश्नावर बोलणं अडकून राहत नाही.